बडतर्फीचा न्याय आणि कामगार संघटनेची कसोटी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. या संहितेवर कामगार चळवळीत जी चर्चा झाली, ती मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरली : संपापूर्वीच्या नोटिशीची अट, आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी घेण्याची ३०० वर नेलेली मर्यादा. हे प्रश्न मोठे आहेत यात शंका नाही. परंतु संप कामगाराच्या आयुष्यात क्वचित येतो. आरोपपत्र मात्र कोणत्याही दिवशी हाती पडू शकते. एकट्या कामगारावर ठपका ठेवला जातो, त्याला फाटकाबाहेर उभे केले जाते आणि पुढे कामावरून काढले जाते, तो प्रसंग सभांच्या ठरावांत येत नाही. तरीही संघटना म्हणजे नेमके काय, हे बहुसंख्य कामगारांना कळते ते अशाच दिवशी.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. मालकवर्ग म्हणतो की, शिस्त हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे, संघटनेने त्यात लुडबुड करू नये. संघटनेचे अनेक पुढारी म्हणतात की, प्रत्येक आरोपपत्र हा कामगारावरचा सूड आहे, म्हणून प्रत्येकाला परत घेतलेच पाहिजे. दोन्ही रीतींत विचाराचे कष्ट वाचतात. न्याय मात्र दोन्हींत सापडत नाही. कारखान्यात शंभर माणसे एकमेकांवर अवलंबून काम करतात. एकजण वारंवार दांडी मारतो, तेव्हा त्याच्या यंत्राचा भार शेजारच्यावर पडतो. क्रेन चालविणारा दारू पिऊन येतो, तेव्हा धोका संचालकांना नसतो, खाली उभ्या असलेल्या हमालाला असतो. म्हणजे शिस्त ही जितकी मालकाची तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, कामगारांची गरज आहे. प्रश्न शिस्त हवी की नको हा नाही. नियम कोणी ठरवावेत, दोष कोणी व कसा सिद्ध करावा, आणि शिक्षा किती असावी, हा आहे.

दोन बाजूंचे नुकसान सारखे नसते

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नोकरी हा दोन समान पक्षांतील करार असतो. मालक नोटीस देऊन कामगाराला सोडू शकतो, कामगारही नोटीस देऊन मालकाला सोडू शकतो. म्हणून हिशेब बरोबर. प्रत्यक्षात हजार कामगारांच्या कारखान्यातून एक माणूस गेला तर मालकाच्या मनुष्यबळाचा हजारावा हिस्सा जातो, आणि तोही आठवड्याभरात भरून निघतो. कामगाराचे मात्र सारे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. पंचेचाळीस वर्षांच्या फिटरने वीस वर्षांत जे कसब मिळविलेले असते, त्यातले बरेचसे त्या एका कारखान्याच्या यंत्रांपुरते असते. दुसरीकडे त्याला नवशिक्याच्या पगारावर उभे राहावे लागते. शिवाय बडतर्फीचा शिक्का त्याच्या आधी पोहोचलेला असतो. औद्योगिक वसाहतीतल्या पुढच्या फाटकावर पहिला प्रश्न ‘आधीची नोकरी का सुटली’ हाच असतो. कामगार राज्य विम्याचा दवाखाना, सोसायटीचे कर्ज, मुलांची फी यांचे धागे त्या एका नोकरीला बांधलेले असतात.

कायद्याने ठरावीक प्रकारच्या गैरवर्तनात ग्रॅच्युइटी जप्त करण्याचीही मुभा दिलेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नैतिक अधःपतनाच्या कारणासाठी ग्रॅच्युइटी जप्त करण्यास फौजदारी न्यायालयात दोष सिद्ध झालेला असणे आवश्यक नाही. अर्थात खात्यांतर्गत चौकशीचा निष्कर्ष आता कामगाराच्या म्हातारपणाच्या पुंजीपर्यंत पोहोचतो. त्याच निर्णयात महाराष्ट्र एस. टी.च्या वाहकांच्या बाबतीत न्यायालयाने ही जप्ती एक चतुर्थांशापुरती मर्यादित केली, हेही नमूद केले पाहिजे. दोष आणि शिक्षा यांत प्रमाण असावे हे तत्त्व तेथे मान्य झाले. पण ज्या चौकशीवर एवढे अवलंबून आहे ती चौकशी कशी होते, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा झाला.

मुकादमाच्या लहरीपासून स्थायी आदेशांपर्यंत

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामावर घेणे व काढणे जॉबरच्या हाती होते. त्याला दस्तुरी दिली तर काम, नाही दिली तर उद्यापासून येऊ नकोस. ह्विटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने गिरण्यांत स्थायी आदेशांना कायद्याचे स्थान दिले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा अखिल भारतीय कायदा झाला. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : गैरवर्तन कशाला म्हणतात ते आधी लिहून ठेवा, मग शिक्षा करा. १९५६ च्या दुरुस्तीने हे आदेश न्याय्य व वाजवी आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याला मिळाला.

तरीही पुढची वाट सोपी नव्हती. १९५८ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकाचा हेतू वाईट असेल, सूडबुद्धी असेल, नैसर्गिक न्यायाचा भंग असेल किंवा निष्कर्ष पुराव्याला सर्वस्वी सोडून असेल, तरच न्यायाधिकरणाने बडतर्फीत हात घालावा. शिक्षा फार कठोर आहे एवढ्याने भागत नसे. १९६५ पर्यंत तर एकट्या कामगाराची बडतर्फी हा ‘औद्योगिक विवाद’ होण्यासाठी संघटनेने वा बऱ्याच सहकाऱ्यांनी ती उचलून धरावी लागे. त्या वर्षीच्या २-अ कलमाने एकट्या कामगारालाही दाद मागता येऊ लागली. १९७१ अखेर आलेल्या ११-अ कलमाने न्यायाधिकरणाला पुरावा पुन्हा तपासण्याचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार दिला.

त्याच वर्षी महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा केला. सूडबुद्धीने काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवणे, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईने चौकशी उरकणे, आणि किरकोळ वा तांत्रिक चुकीसाठी, पूर्वीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक वाटावी अशी शिक्षा देणे, यांना त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविले. अशीच यादी आज औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात आणखी एक मोलाची तरतूद होती : मान्यता नसलेल्या संघटनेलाही आपल्या सभासदाच्या वतीने खात्यांतर्गत चौकशीत उभे राहण्याचा हक्क. वाटाघाटीचा हक्क बहुमतवाल्याचा असेल, पण बचावाचा हक्क प्रत्येकाचा असतो, हा भेद त्यामागे होता. ५१ टक्के सभासद असलेल्या एकाच संघटनेला वाटाघाटीचा हक्क देणाऱ्या नव्या संहितेच्या काळात या भेदाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

चौकशीच्या खोलीत

कायद्याची इमारत अशी उभी राहिली. पण न्याय होतो किंवा मरतो तो चौकशीच्या खोलीत. तेथील दृश्य बहुतेक कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे. चौकशी अधिकारी म्हणून व्यवस्थापनाने पैसे देऊन नेमलेला वकील असतो. मालकाकडून शुल्क घेतो एवढ्याने तो पक्षपाती ठरत नाही, असे न्यायालयांनी मानले आहे. व्यवस्थापनाची बाजू मांडायला कार्मिक विभागाचा मुरलेला अधिकारी. समोर आठवी पास कामगार आणि त्याच्यासोबत, रात्रपाळी करून आलेला, संघटनेचा एखादा सहकारी. आरोपपत्र इंग्रजीत. ‘तुम्ही दिनांक अमुक रोजी उद्धट वर्तन केले’ एवढेच त्यात असते. कोणाशी, कोणत्या शब्दांत, कोणासमोर, हे नसते. साक्षीदार पर्यवेक्षक असतो, आणि त्याच्याच हाताखाली काम करणारे इतर साक्षीदार त्याच्याविरुद्ध बोलायला धजत नाहीत. कामगार म्हणतो, मला काही विचारायचे नाही. उलटतपासणी संपते.

१९७७ मध्ये हरियाणातील एका बसवाहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत. काही पुरावा असला म्हणजे पुरे. तत्त्व म्हणून हे गैर नाही. चौकशीचे कोर्ट झाले तर कामगारालाच ते पेलवणार नाही. परंतु पुराव्याची पातळी खाली आली की बचावाची गुणवत्ता वर जावी लागते. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. व्यवस्थापनाने आपल्या बाजूने कायद्याचे शिक्षण घेतलेले अधिकारी उभे केले आणि कर्मचाऱ्याला वकील नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने हा नैसर्गिक न्यायाचा भंग ठरविला. दोन्ही बाजूंची शस्त्रे सारखी नसतील तर ऐकून घेणे हे नाटक होते, एवढाच त्याचा अर्थ. मात्र वकिलाचा हक्क सरसकट नाही. तेव्हा खरा इलाज संघटनेच्या हातात आहे, आणि तो म्हणजे चौकशी चालवू शकणारा तयार कार्यकर्ता.

निलंबनाचा प्रश्न याहून बिकट आहे. पोट रिकामे असलेला माणूस बचाव करू शकत नाही. कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधील एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबनकाळात निर्वाह भत्ताच दिला गेला नाही. चौकशीला येण्याइतके पैसे नसल्याने ती त्याच्या गैरहजेरीत झाली आणि त्याला काढण्यात आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बडतर्फी रद्द केली. १९८२ च्या दुरुस्तीने स्थायी आदेशांच्या कायद्यात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे नसेल तर, ७५ टक्के वेतन अशी तरतूद आणली. नव्या संहितेने ती ठेवली असून, निलंबनापासून साधारणतः ९० दिवसांत चौकशी संपवावी असेही म्हटले आहे. ‘साधारणतः’ हा शब्द किती ताणला जाईल हे संघटनेच्या दक्षतेवर ठरेल. आणि मुळात हे प्रकरण ३०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती आणि राज्यांना ती आणखी खाली आणता येत असे. मधल्या हजारो कारखान्यांत गैरवर्तनाची लेखी व्याख्या असण्याची सक्ती यामुळे संपली आहे.

झोपलेला कामगार आणि बावीस वर्षे

२६ ऑगस्ट १९८३ रोजी पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात एक मदतनीस कामगार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी कामाच्या जागी झोपलेला आढळला. पूर्वी तीन वेळा त्याला गैरवर्तनाबद्दल किरकोळ शिक्षा झालेल्या होत्या. चौकशी होऊन त्याला बडतर्फ करण्यात आले. कामगार न्यायालयाने चौकशी योग्य पण शिक्षा प्रमाणाबाहेर ठरवून त्याला परत घेण्याचा आदेश दिला. वरच्या न्यायालयांत मते बदलत गेली. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली.

या निर्णयाबद्दल दोन बाजूंनी बोलता येईल. फोर्जिंगच्या कारखान्यात, तापलेल्या लोखंडाजवळ, झोपणे क्षुल्लक नाही. आणि तीन ताकिदींनंतरही फरक पडला नसेल तर मालकाने काय करावे, हा प्रश्न खोटा नाही. उलटपक्षी एका डुलकीसाठी आयुष्यभराची नोकरी जावी काय, हाही प्रश्न खोटा नाही. पण या प्रकरणातला खरा धडा वेगळाच आहे. घटना घडली तेव्हा जन्मलेले मूल अंतिम निकालापर्यंत पदवीधर झाले असते. तो कामगार दोषी ठरला असो वा निर्दोष, त्या बावीस वर्षांची भरपाई कोणतेही न्यायालय करू शकत नाही. मालकाच्या लेखी खटल्याचा खर्च हा हिशेबाच्या वहीतील एक ओळ. कामगाराच्या लेखी तो त्याच्या उमेदीचा सारा काळ.

१९७३ च्या फायरस्टोन निर्णयाने यात आणखी एक गुंता आहे. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देऊन बडतर्फीचे समर्थन करता येते. म्हणजे आज वाईट चौकशी केली तरी उद्या ती दुरुस्त करण्याची संधी मिळते, आणि मधला काळ कामगाराच्या खात्यावर पडतो. हरल्यास मागील वेतन द्यावे लागेल ही भीती एवढाच त्यावर लगाम. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, बेकायदा बडतर्फीत सेवेच्या सातत्यासह व मागील वेतनासह पुनःस्थापना हाच सर्वसाधारण नियम आहे. पण हा लगामही वर्षानुवर्षांनी ओढला जातो.

तेव्हा न्याय न्यायालयात मिळेल ही भिस्त सोडून तो कारखान्यातच मिळण्याची सोय केली पाहिजे. त्यासाठी शिक्षेच्या शिडीकडे पाहावे लागते. १९४६ च्या कायद्याखालील केंद्रीय नमुना आदेशांत गैरवर्तनासाठी निलंबनाची शिक्षा एका वेळी चार दिवसांहून अधिक नव्हती. त्यापुढची पायरी थेट बडतर्फी. चार दिवसांचा पगार आणि चाळीस वर्षांची नोकरी यांच्यामध्ये काहीच नसेल, तर मालक वैतागला की शेवटच्या पायरीवरच उडी मारतो. त्याच नमुना आदेशांनी शिक्षा देताना अपराधाचे गांभीर्य, पूर्वीची सेवा आणि गुन्हा सौम्य वा गंभीर करणारी परिस्थिती पाहावी असे बजावले होते. परंतु मधल्या पायऱ्याच नसतील तर हे पाहून करायचे काय? वेतनवाढ काही काळ रोखणे, खालच्या कामावर ठरावीक मुदतीसाठी नेमणे, दीर्घ निलंबन, व्यसनी कामगाराला उपचाराची सक्ती व नोकरीची हमी, आणि दोन-तीन वर्षे वर्तन चांगले राहिल्यास जुनी ताकीद पुसून टाकणे, या पायऱ्या करारात संघटनेने स्वतः मागितल्या पाहिजेत. शिक्षा मागणारी संघटना हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मधली शिक्षा मागणे म्हणजेच शेवटची शिक्षा टाळणे होय.

संघटनेच्या घरातला अंधार

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. संघटनेचा बचाव सर्वांना सारखा मिळतो असे नाही. जो सभांना येतो, जो पुढाऱ्याच्या गावचा वा जातीचा, त्याच्यासाठी फाटकसभा होते. जो प्रतिस्पर्धी संघटनेत होता, त्याला ‘आता भोग’ म्हटले जाते. काही ठिकाणी बडतर्फ कामगारांची प्रकरणे वेतनकराराच्या वेळी सौद्याची नाणी होतात : अमुक रुपये वाढ द्या, आम्ही तमुकाचे प्रकरण सोडतो. हे व्यवहारचातुर्य मानले जाते. वस्तुतः हा विश्वासघात आहे, आणि कामगार तो विसरत नाहीत.

सर्वांत अवघड कसोटी असते ती तक्रार करणारी आणि आरोपी असे दोघेही सभासद असतात तेव्हा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निर्णयाने मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१३ मध्ये कायदा झाला. अशा समितीचा अहवाल शिस्तभंगाच्या कारवाईत चौकशी अहवालच मानावा, असे २०१२ मध्ये मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरीही अनेक ठिकाणी संघटनेची पहिली हालचाल ‘आपल्या माणसाला वाचवा’ अशीच असते. तक्रार करणारी स्त्रीही आपलीच सभासद आहे, हे त्या घाईत कोणाला आठवत नाही. अशा वेळी संघटनेचे कर्तव्य दुहेरी आहे. आरोपीला सक्षम बचावप्रतिनिधी द्यावा, कारण न ऐकता कोणालाही दोषी ठरवू नये. तक्रार करणारीला वेगळा प्रतिनिधी द्यावा, साक्षीदारांना संरक्षण द्यावे, आणि निष्कर्ष पुराव्यावर उभा असेल तर त्याविरुद्ध फाटकसभा घेऊ नये. बचाव म्हणजे पाठराखण नव्हे. वकील अशिलाची बाजू मांडतो म्हणून तो अपराधाचा समर्थक होत नाही. संघटनेलाही हा भेद पाळता आला पाहिजे.

हा भेद पाळणारी संघटनाच मालकाच्या मनमानीपुढे ताठ उभी राहू शकते. कारण मनमानी आजही आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९३ मध्ये आलेल्या एका प्रकरणात स्थायी आदेशांत असे कलम होते की, आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहणाऱ्याची नोकरी आपोआप जाईल. कामगाराचे म्हणणे होते की, तो रोज येत होता, त्याला फाटकावरच अडविले जात होते. न्यायालयाने सांगितले की, नोकरी हे उपजीविकेचे साधन आहे. ते काढून घेण्यापूर्वी ऐकून घेतलेच पाहिजे, नियमाने ‘आपोआप’ म्हटले तरी.

सामुदायिक बडतर्फीत तर व्यक्तीच नाहीशी होते. १८ जुलै २०१२ रोजी मानेसरच्या मारुती कारखान्यात हिंसाचार होऊन एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. तो गुन्हा होता आणि त्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. पण त्यानंतर पाचशेहून अधिक कायम कामगारांना चौकशीशिवाय काढण्यात आले, आणि मार्च २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविताना ११७ आरोपींची निर्दोष मुक्तता केली. कोणी काय केले हे वेगवेगळे तपासण्याचे कष्ट न घेता सर्वांना एकाच कागदाने काढणे ही शिस्त नव्हे. २०२१-२२ च्या एस. टी. संपातही हजारो कर्मचारी निलंबित व बडतर्फ झाले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच त्यांना कामावर परतता आले. संपात भाग घेणे आणि संपात दगड मारणे यांत फरक आहे. तो फरक करण्यासाठीच चौकशी असते.

ज्यांच्यासाठी चौकशीच नाही

एवढे सारे झाल्यावरही सर्वांत मोठा प्रश्न उरतो. ही सारी व्यवस्था कोणासाठी? १९८४ च्या दुरुस्तीने कराराची मुदत संपून नोकरी जाणे हे कामगारकपातीच्या व्याख्येतून वगळले गेले. नव्या संहितेने ठराविक मुदतीच्या नोकरीला कायद्याचे राजमान्य रूप दिले. अशा कामगाराला कायम कामगाराइतके वेतन व लाभ देण्याची अट तिने घातली, हे चांगले झाले. परंतु मुदत संपली की त्याला काही विचारावे लागत नाही. आरोपपत्र नको, साक्षीदार नको, कारणही नको. ज्याने पर्यवेक्षकाला उलट उत्तर दिले, जिने छेडछाडीची तक्रार केली, ज्याने संघटनेचा अर्ज भरला, त्यांची नावे पुढच्या यादीत नसतात, एवढेच. कंत्राटी कामगाराचे तर मुदतीचेही सोंग नाही; मुकादमाला फोन जातो, उद्या याला पाठवू नका. १९३१ मध्ये ज्या जॉबरवर ह्विटले आयोगाने ठपका ठेवला, तो संगणकावर हजेरी घेणाऱ्या कंत्राटदाराच्या रूपाने परत आला आहे.

कायम कामगारांची संघटना या लोकांना बाहेरचे मानते. पण हिशेब सरळ आहे. एका माणसाला काढण्यासाठी चौकशी, भत्ता आणि वीस वर्षांचा खटला, आणि दुसऱ्याला काढण्यासाठी एक फोन, अशी निवड असेल तर मालक पुढची भरती कशी करील? संरक्षण मूठभरांपुरते राहिले की ते महाग होते, आणि महाग वस्तूला मालक पर्याय शोधतो. म्हणून कंत्राटी व मुदतीच्या कामगारालाही मुदत न वाढविण्याचे लेखी कारण व उत्तराची संधी मिळावी, ही मागणी दयेपोटी करावयाची नाही. कायम कामगाराच्या स्वतःच्या सुरक्षिततेची ती अट आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या करारनाम्याने वैध कारणाशिवाय कोणालाही कामावरून काढू नये आणि कारण सिद्ध करण्याचा भार एकट्या कामगारावर पडू नये, असे म्हटले आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

कायदा बदलण्याची लढाई लांबची आहे; पण बरेच काही आजच करता येण्यासारखे आहे. प्रत्येक संघटनेने दोन-चार कार्यकर्त्यांना चौकशीचे काम रीतसर शिकवावे. आरोपपत्र मराठीत आणि तपशिलासह मागावे. मिळेपर्यंत लेखी हरकत नोंदवावी. निर्वाह भत्ता ज्या महिन्यात थांबेल त्याच महिन्यात तक्रार करावी. दाद मागण्याची तीन वर्षांची मुदत नव्या संहितेत दोन वर्षांवर आली आहे, ती हुकू देऊ नये. वेतनकरारात शिक्षेच्या मधल्या पायऱ्या आणि बडतर्फीपूर्वी दोन्ही बाजूंना मान्य अशा लवादाकडे ठरावीक दिवसांत निवाडा, ही कलमे पगारवाढीइतक्याच आग्रहाने मांडावीत. ३०० खालच्या कारखान्यांत कायद्याने स्थायी आदेश लागू नसले तरी करारात ते आणता येतात. आणि बचाव द्यावयाचा की नाही हे ठरविताना सभासदाची जात, गाव आणि झेंडा पाहू नये.

कारखान्यातील सर्वांत नावडत्या कामगाराला कसे वागविले जाते, यावरून बाकीचे सारे आपले भवितव्य ओळखतात. त्याला न ऐकता काढता येते, हे एकदा दिसले की पर्यवेक्षकापुढे कोणाचीच मान वर राहत नाही. आणि त्याचे नीट ऐकून घेऊन, दोष सिद्ध करून, प्रमाणात शिक्षा दिली गेली, तर त्या शिक्षेनेही संघटनेची ताकद कमी होत नाही. जी संघटना हे कारखान्यात घडवून आणील तिला सभासद शोधत हिंडावे लागणार नाही.